जिभेला हाड नाही, चरबी मात्र आहे

‘जिभेला हाड नसतं’ हे वाचाळांना ऐकवायचं वाक्य आहे, अशी माझी समजूत होती. स्लीप ॲप्नियात ते शब्दशः खरं ठरतं. झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात, बिनहाडाची जीभ मागे घसरते आणि श्वासाची वाट अडते. निदान १० सेकंद श्वास थांबला किंवा बराच मंदावला की एक नोंद होते. अशा नोंदी तासाला सरासरी किती, तो एएचआय. ५ पासून सौम्य, १५ पासून मध्यम, ३० पासून तीव्र.

चरबी पोटावर दिसते, म्हणून आपण पोटाला बोल लावतो. पण ती जिभेतही साठते. २०२० साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी वजन उतरवलेल्या रुग्णांचे आधीचे आणि नंतरचे एमआरआय ताडून पाहिले. श्वास सुधारण्यात मोठा वाटा निघाला जिभेतली चरबी घटण्याचा. म्हणजे जिचे चोचले जन्मभर पुरवले, तिनेच गळा धरला!

हिशेबही बँकेसारखाच एकतर्फी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या दीर्घकाळ चाललेल्या पाहणीत वजन १० टक्के वाढलं तर एएचआय साधारण ३२ टक्के वाढतो असं दिसलं; तेवढंच घटलं तर उतरतो २६ टक्के. कर्जाला एक व्याज, ठेवीला दुसरं. ९० किलोच्या माणसाने घाम गाळून ९ किलो उतरवले, तरी ४० चा एएचआय ३० च्या आसपास येऊन बसणार. म्हणून वजन उतरलं की सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा सोडून झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र) माळ्यावर टाकू, हा बेत आधी डोक्यातून काढावा.

बरं, वजन उतरवायचं कसं? रात्री झोप मोडली की भूक वाढते, आणि दिवसा चालायला जायच्या वेळी खुर्चीतच डोळा लागतो. माझं मत विचाराल तर आधी सीपॅप मशीन, मग काटा. पेंगणाऱ्या माणसाकडून व्यायाम होत नाही. पण मशीनमध्येही मेख आहे. श्वासासाठी रात्रभर चाललेली झटापट थांबते, तेवढी ऊर्जाही खर्च होत नाही. नुसत्या सीपॅपवर वजन सरासरीने किंचित वाढतंच. त्यात ‘आता उपचार चालू आहेत ना’ म्हणून एक बिस्किट जादा!

काटा फरशीवर ठेवावा, सतरंजीवर नाही. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी. रोजचा आकडा पाण्याने एखादा किलो सहज हलतो, म्हणून आठवड्याची सरासरी धरायची. मानेचा घेर कंठमण्याच्या लगेच खाली मोजायचा. पुरुषांत ४३ सेंटिमीटरच्या पुढे गेला तर धोका वाढतो. पोट आत ओढून टेपला फसवता येतं. मान आत ओढायची कला अजून कुणाला साधलेली नाही.

रोज ५०० कॅलरी कमी केल्या तर सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलो उतरतो. मग वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराला इंधनही कमी लागतं. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं हवंच. दारू मात्र दुहेरी दगा देते: कॅलरी आत ढकलते आणि घसा आणखी सैल करते.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने लठ्ठपणासोबत मध्यम किंवा तीव्र ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी टिर्झेपॅटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाला मान्यता दिली. आठवड्याला एक इंजेक्शन. ते थांबवलं की वजनाची पावलं घराकडे वळतात.

वजन खरंच उतरलं की नवं लचांड. गाल बसतात, मास्कमधून हवा फुसफुसत डोळ्यात जाते. माणूस पट्टे आवळतो, त्याने कुशन चेपून गळती वाढते. मास्क आडवं पडून, मशीन चालू ठेवून पुन्हा बसवावा. नाही जमला तर लहान मापाचा घ्यावा. जुना दाब आता जास्त होऊन पोटात हवाही भरू शकते. तो डॉक्टरांकडून तपासून घ्यावा, स्वतः खटपट करू नये.

घोरणं थांबलं म्हणजे ॲप्निया गेला, असंही नाही. जीभ किती बारीक झाली हे मोजायची टेप मिळत नाही, म्हणून स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास तपासणं, पुन्हा. डोक्याला वायरी, नाकाखाली नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला चिमटा. एवढं बांधून झालं की दिवा मालवताना तंत्रज्ञ म्हणणार, “आता नेहमीसारखं झोपा.”