सौर इन्व्हर्टरचे ॲप गप्प का राहिले? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. "बिघाड होताच ॲप कळवते" हे माझ्या लेखातील विधान दिशाभूल करणारे आहे, असे आपण लिहिले आहे. आपल्या छतावरचा 3 किलोवॉटचा संच चार दिवस बंद होता, एसी बाजूचा (इन्व्हर्टरकडून घराच्या वीजपुरवठ्याकडे जाणाऱ्या तारेवरचा) एमसीबी, म्हणजे आपोआप वीज तोडणारा स्विच, पडलेला होता, इन्व्हर्टरवर लाल दिवा लागलेला होता, आणि तरीही मोबाइलवर एकही सूचना आली नाही. आपला आक्षेप मला मान्य आहे. चांगल्या उन्हात असा संच दिवसाला साधारण 12 युनिट वीज देतो. म्हणजे माझ्या वाक्यावर विसंबल्याने आपली जवळजवळ 50 युनिट वीज बुडाली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बिघाड ॲप शोधत नाही, हे मी स्पष्ट लिहायला हवे होते. व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि इन्सुलेशन यांवर लक्ष इन्व्हर्टर स्वतः ठेवतो. त्याने केलेली नोंद डेटा लॉगर (इन्व्हर्टरला जोडलेले, माहिती पाठवणारे छोटे उपकरण) घरच्या वायफायवरून, अनेक संचांत दर पाच मिनिटांनी, कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो, आणि तेथून ती सूचना म्हणून आपल्यापर्यंत येते. आदल्याच आठवड्यात घरातील राउटर बदलल्याचे आपणच नमूद केले आहे. लॉगर बहुधा अजूनही जुन्याच वायफायचे नाव शोधत असावा. इन्व्हर्टरने बिघाड ओळखला होता, लाल दिवा हा त्याचाच पुरावा; निरोप मात्र घराबाहेर पडला नाही.

मग संपर्क तुटल्याची तरी सूचना का आली नाही? लॉगरला वीज बहुधा इन्व्हर्टरकडूनच मिळते आणि सूर्यास्तानंतर इन्व्हर्टर झोपी जातो, त्यामुळे रोज रात्री संपर्क तुटणे हे ॲपच्या दृष्टीने नेहमीचेच असते. रोज रात्री नाहक सूचना नको म्हणून ही सोय अनेकदा बंदच ठेवलेली असते. मला हे पटत नाही. संचाचे ठिकाण ॲपला माहीत असते, त्यावरून सूर्योदयाची वेळ काढता येते. भर दुपारची शांतता आणि रात्रीची शांतता यांतील फरक त्याने ओळखलाच पाहिजे.

दुपारी येणाऱ्या आणि आपोआप मिटणाऱ्या "ग्रिड ओव्हरव्होल्टेज" सूचना निरर्थक आहेत, हे आपले दुसरे म्हणणे मात्र मला मान्य नाही. 230 व्होल्टच्या पुरवठ्यात 10 टक्के वाढ धरली तर मर्यादा 253 व्होल्ट होते. दुपारी आसपासच्या छतांवरची वीज एकाच वाहिनीत शिरते, घरातला वापर कमी असतो, आणि व्होल्टेज चढते. तेव्हा इन्व्हर्टरने थांबणे बरोबरच आहे. इन्व्हर्टरमधील मर्यादा वाढवून घेऊ नका. त्या सूचनांतील वेळ आणि व्होल्टेज टिपून वीज कार्यालयात लेखी तक्रार द्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची जोडणी) तपासण्यास त्यांना आधार मिळेल.

त्याआधी लॉगरला नव्या वायफायशी जोडून घ्या आणि दुपारी एसी एमसीबी एकदा मुद्दाम पाडून सूचना किती वेळात येते ते पाहा. मूळ लेखातील ते वाक्य मी आज दुरुस्त केले आहे.