माऊस हलला म्हणजे मी हललो का?

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. मी इथं सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीएम किसानची केवायसी, पोरापोरींचे ॲडमिशनचे फॉर्म. सकाळी नऊला शटर वर गेलं की अंधार पडेस्तोवर डोळे स्क्रीनला. मागच्या उन्हाळ्यात डोळ्यांत माती गेल्यासारखं खुपायला लागलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "तुम्ही पापणीच लववत नाही हो." स्क्रीनकडे टक लावून पाहताना माणसाची पापणी नेहमीपेक्षा फार कमी लवते, डोळा कोरडा पडतो. त्यांनी थेंब दिले आणि 20-20-20 चा नियम सांगितला: दर 20 मिनिटांनी, 20 फुटांवर, 20 सेकंद पाहायचं. माझ्या खुर्चीपासून 20 फुटांवर एसटी थांब्याचं कडूनिंब येतं, मी पावलं टाकून मोजलंय.

पण गर्दीत आठवण कोणाला राहते? पुण्याहून भाचा आला होता. त्यानं कॉम्प्युटरवर एक फुकटातलं सॉफ्टवेअर टाकून दिलं. वेळ झाली की पूर्ण स्क्रीन झाकते, मधात आकडे उलटे चालतात. दर पाऊण तासाला दहा मिनिटं सुट्टी लावली. म्हटलं, चला, आता बैलासारखी आपल्यालाही दुपारची सोडवण.

पहिली सुट्टी लागली. मी खुर्ची मागं सरकवली, हात मांडीवर घेतले, कडूनिंबाकडे पाहायला लागलो. जरा वेळानं सहज स्क्रीन पाहिली तर आकडा 9:52. परत झाडाकडे पाहिलं, परत स्क्रीन पाहिली. 9:57. अरे, वेळ वाढून राह्यला की कमी होऊन राह्यला? नीट पाहिलं तर आकडा पाच-दहा सेकंद खाली उतरे आणि टुणकन परत 10:00 वर उडी मारे. बाकड्यावर सात-आठ जण बसलेले. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "काऊन भाऊ, तुयी मशीनच थकली का?"

कारण सापडायला दोन दिवस लागले. खिडकीत कूलर, त्याच्या स्टँडला माझा टेबल टेकलेला. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, कूलर बंद करायचा प्रश्नच नाही. कूलर थरथरते, टेबल थरथरतो, टेबलावर चकचकीत सनमायका आणि त्यावर माऊस. आता माऊसच्या पोटातला तो लाल दिवा काय करतो पाहा. त्याच्याजवळचा सेन्सर खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराच्या वर फोटो काढतो आणि एकापुढं एक लावून तुलना करतो. फरक दिसला की समजतो, माऊस हलला. चकचकीत सनमायकावर त्याला धड खूणच सापडत नाही, त्यात हादरे. मग पॉइंटर जागच्या जागी केसभर कापत राहतो. मला ते दिसतही नव्हतं, कारण वरून स्क्रीन झाकलेली.

आणि सॉफ्टवेअरच्या हिशेबात काय? माणूस काम करून राह्यला, आराम मोडला, सुरू करा पुन्हा एक पासून.

हे असं का होतं ते भाच्यानं फोनवर समजावलं. अशा सॉफ्टवेअरला सोपा रस्ता असा, की विंडोजलाच विचारायचं, बाबा, शेवटची हालचाल कधी झाली? विंडोज फक्त वेळ सांगतं. कीबोर्ड होता की माऊस, वीतभर सरकला की एक पिक्सेल, हे काहीच त्या उत्तरात येत नाही. त्या एका वेळेवर ज्याचा कारभार चालतो, त्याला माझं टायपिंग आणि कूलरचा हादरा सारखाच. ज्यांना फरक करायचा असतो ते माऊसच्या हालचाली स्वतः मोजतात: किती अंतर गेला, किती वेळ हलत राहिला. मेहनत जास्त, पण होतं. म्हणजे जमत नाही असं नाही, कोणी मनावर घेतलं नाही एवढंच.

आता माझं म्हणणं ऐका. दुपारी औत सोडलं, जू खाली ठेवलं, बैल झाडाखाली बसला. तो शेपटीनं माशी हाकलतो, कान हलवतो. म्हणून कोणी शेतकरी म्हणतो का, की बैल अजून वखर ओढून राह्यला, याचा विसावा धरू नका? माऊसला टेबलाचा धक्का लागला तर ती माशी समजावी. दोन-तीन सेकंदांचं हलणं सोडून द्यावं. जास्त वेळ हलत राहिला तर आकडा जिथं आहे तिथं थांबवावा. पण सात मिनिटं झालेला आराम पुसून परत दहावर नेणं ही कोणती रीत? डोळ्यांना मिळालेली सात मिनिटं काय परत जातात?

कीबोर्डचं वेगळं. कीबोर्डवर आपोआप बोट पडत नाही (आमच्याकडे मांजर आहे, पण ती प्रिंटरवर झोपते). कोणी टाइप करत असेल तर तो कामच करतो, तिथं खुशाल कडक व्हा.

आणि याची उलटी बाजू मला जास्त टोचते. म्हातारा माणूस जुना फेरफार घेऊन येतो. मी स्क्रीनवर सातबारा उघडतो आणि गट नंबर, नावं, हिश्शाचे आणे-पै एकेक जुळवून पाहतो. पाच मिनिटं माऊसला हात नाही. डोळ्यांचं सगळ्यात जास्त तेल याच कामात जळतं, आणि सॉफ्टवेअर म्हणतं, वा, साहेबांचा आराम झाला, पुढची सुट्टी लांबवा! अंगठ्याच्या मशीनचंही तेच. कापूस वेचून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या असतात, दहादा पुसून, दाबून लावावं लागतं. त्या मशीनवर कितीही घासा, ते माऊसही नाही आणि कीबोर्डही नाही, म्हणजे मी निवांत. मानेवर जू असताना बैल उभा राहिला तर तो विसावला असं होत नाही ना?

भाच्याला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. त्याच्या ओळखीत घरून काम करणारी पोरं आहेत, त्यांनी माऊस आपोआप हलवणारं यंत्र घेतलंय. का, तर स्क्रीनवर हिरवा ठिपका राहावा आणि साहेबाला वाटावं पोट्टा कामावर आहे. तिकडे माऊस हलावा म्हणून पैसे मोजतात, इथं तो हलू नये म्हणून मी माऊसखाली काय काय घालून पाहिलं. वहीचा पुठ्ठा, टायरच्या ट्यूबचा तुकडा, शेवटी खताच्या दुकानाच्या जुन्या कॅलेंडरची मागची बाजू. कॅलेंडर चाललं. चकाकी नाही, सेन्सरला खूण सापडते. टेबलही कूलरपासून हातभर सरकवला.

सॉफ्टवेअरही बदललं. दोन-तीन पाहिली. वर्करेव्ह नावाचं एक आहे, मुळात ते दर 3 मिनिटांनी 30 सेकंद आणि दर 45 मिनिटांनी 10 मिनिटं थांबवतं. दर तीन मिनिटांनी? माझ्या बाकड्यावर दंगल होईल. स्ट्रेचली नावाचं दुसरं दर 10 मिनिटांनी 20 सेकंदांची छोटी सुट्टी देतं आणि अधूनमधून 5 मिनिटांची मोठी. हे आकडे बदलताही येतात. मला आवडलं ते हे, की सुट्टी लागली की ते घड्याळावर चालतं, माऊस हलला काय आणि नाही काय. वीस सेकंद म्हणजे वीस सेकंद. कोणी म्हणेल, मग माणूस फसवेल. फसवू द्या की! डोळे माझे आहेत, थेंबांचे पैसे मीच देतो.

एक अडचण मात्र कोणत्याच सॉफ्टवेअरनं सुटली नाही. ऐन ओटीपी आला आणि सुट्टी लागली, तर समोरचा माणूस मोबाईल हातात धरून माझ्या तोंडाकडे पाहतो. तिथं मी पुढे ढकलायचं बटण दाबतो, बिनलाजे दाबतो.

बाकी बाकड्यावरच्या लोकांना आता सवय झाली. स्क्रीन झाकली की कोणी तंबाखू मळायला घेतो, कोणी माझ्यासोबत कडूनिंबाकडे पाहतो. परवा निराधारच्या पैशाची चौकशी करायला एक आजी आली. थैली टेबलावर ठेवायला गेली तर मागून एकानं तिचा हात धरला, "ओ माय, तिथं नको ठेवू, भाऊचा आराम मोडते." आता मोडत नाही, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आजीनं थैली मांडीवर घेतली आणि मला विचारलं, "काऊन रे बाप्पा, बिमार आहे का तू?"