‘एनजीओ हटवा, बिल्डर बोलवा’ : फिरत्या मेसेजला उत्तर

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सार असं: झोपडपट्टीत काम करणाऱ्या संस्था नुसते अहवाल लिहितात आणि फंड खातात, गरिबांना सगळं फुकट हवं असतं, घर दिलं तर विकून परत झोपडीत जातात, तेव्हा जमीन बिल्डरला द्या, तो सरकारचा पैसा न घेता टॉवर उभे करील.

‘नुसते अहवाल.’ १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्याच्या निकालाने फूटपाथवरच्या झोपड्या हटवायची वाट मोकळी झाली, तेव्हा ‘स्पार्क’ या मुंबईतल्या संस्थेने भायखळ्यातल्या फूटपाथवासीयांची घरोघर मोजणी केली. त्याआधी झोपडपट्ट्यांच्या सरकारी गणनेत ही माणसं धरलेलीच नव्हती, आणि यादीत नाव नाही म्हणजे पुनर्वसनही नाही. पुढे रुळांकाठच्या झोपड्याही मोजल्या गेल्या. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात तिथली हजारो कुटुंबं हलवली, ती याच मोजणीच्या जोरावर. झोपड्यांमुळे लोकल हळू हाकाव्या लागत. तो अडथळा दूर झाल्याचा फायदा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनाही मिळालाच की.

फंड खाणाऱ्या संस्था आहेत, नाही असं नाही. धर्मादाय आयुक्तांकडे सादर केलेले हिशेब मागा आणि त्यांना खुशाल उघडं पाडा.

‘फुकट हवं.’ पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांमध्ये जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेच्या अनुदानातून कच्ची घरं पाडून जागच्या जागी पक्की बांधली गेली. घर २७० चौरस फुटांचं, धरलेला खर्च ३ लाख, त्यात घरवाल्यांचा वाटा १० टक्के. मोलकरणीने तीस हजार आणायचे कुठून? इथे महिला मिलन ही बायकांची संघटना कामाला येते. वस्तीतल्याच बायका दारोदार फिरून रोज जमेल तेवढी बचत गोळा करतात आणि त्यातूनच अडीनडीला कर्जही देतात. कोण खरंच अडलंय आणि कोण टाळतंय, हे त्यांना बँकेच्या साहेबापेक्षा चांगलं कळतं.

बांधकामातही बारीक काम होतं. शेजारच्यांची पक्की घरं तशीच ठेवायची, गल्ल्या मोडायच्या नाहीत. ज्याचा तुकडा लहान, त्याचं घर वर चढलं. काही शेजाऱ्यांनी जागा एकत्र करून जोडून बांधलं. त्यासाठी दहा दारांत बसून दहा जणांची समजूत काढावी लागते. महिला मिलनची तर जुनी पद्धतच आहे: खऱ्या मापाचं घर आधी कापड नि लाकडाचं उभं करायचं, बायकांनी आत फिरून ओटा कुठे, माळा किती उंच ते सांगायचं, मग नकाशा. माझ्या स्वतःच्या फ्लॅटच्या वेळी हे मला कोणी विचारलं नाही!

‘विकून परत झोपडीत.’ हे घडतं. पण कुठे घडतं तेही बघा. धुणीभांडी दादरला आणि घर मानखुर्दच्या टोकाला असेल, तर रोजच्या जाण्यायेण्यात मजुरीचे तास जातात. वर लिफ्टचा आणि पाण्याच्या पंपाचा खर्च दर महिन्याला. म्हणून तर जागच्या जागी बांधायचा आग्रह.

‘बिल्डर करील.’ एसआरएचा, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनांचा, हिशेब विक्रीच्या फ्लॅटवर चालतो: झोपडीवाल्याला मोफत घर, बदल्यात बिल्डरला वाढीव एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी. १९९५ साली ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरं द्यायची घोषणा झाली होती. तीस वर्षं उलटली, तो आकडा अजून लांबच आहे. कितीतरी योजना अर्धवट पडल्यात, आणि झोपडी रिकामी करून भाड्याने राहायला गेलेल्यांचं भाडं थकलंय. बाजार पडला की काम थांबतं, आणि जिथे फ्लॅट महाग विकत नाही तिथे बिल्डर मुळात येतच नाही.

संस्था पालिकेची जागा घेऊ शकत नाहीत. जमीन त्यांच्या हातात नाही. येरवड्यातही पैसा सरकारचाच होता. पण दोन माणसं जेमतेम शेजारून जातील अशी गल्ली, मध्येमध्ये पक्की घरं आणि विकायला एकही जादा फ्लॅट नाही, अशा कामाला कोणता बिल्डर तयार आहे, ते मेसेज लिहिणाऱ्याने नावानिशी सांगावं.