‘भंगारातून फुकट एसी’ या मेसेजला एका वाइंडिंगवाल्याचं उत्तर

गेल्या पंधरवड्यात माझ्या दुकानात सात-आठ जण मोबाईलवर एकच मेसेज उघडून दाखवत आले. बेळगावच्या वडगावातले मागवाले होते, यळ्ळूरचा एक शेतकरी होता, कॉलेजची दोन पोरं होती. सगळ्यांचं म्हणणं एकच: ‘यात सांगितलंय तशी मोटार गुंडाळून द्या.’ मेसेज थोडक्यात असा. भंगारातली मोटार आणि गाडीचा अल्टरनेटर (फिरवला की वीज देणारं यंत्र) एका चाकाला जोडा, वीज आपोआप तयार होत राहील. टाकीच्या नळाला टर्बाइन लावा. गच्चीवर अल्टरनेटरची पवनचक्की बसवा. खिडकीत कापलेल्या बाटल्यांचा पाट लावा, खोली पाच अंशांनी थंड होईल. जुन्या बॅटऱ्या जोडून वीज साठवा, इन्व्हर्टरची पिन घरातल्या कुठल्याही प्लगात खोचा, मग एसी, गीझर, वॉशिंग मशीन सगळं फुकट. वीज कंपनीला, म्हणजे हेस्कॉमला, रामराम.

मोटारी गुंडाळण्यात माझी अर्धी हयात गेली. भंगार हे माझ्यासाठी कच्चा मालच आहे, म्हणून या मेसेजचा मला राग येतो. भंगारातून खरोखर होण्यासारखं पुष्कळ आहे, आणि लोक नेमकं न होणाऱ्या गोष्टींवर पैसे घालताहेत.

आधी मोटार-अल्टरनेटरची जोडी. अर्ध्या एचपीच्या जुन्या सिंगल फेज मोटारीला १०० वॅट दिले तर शाफ्टवर ६५च्या आसपास मिळतात, बाकीचे तिच्या अंगातली उष्णता होऊन जातात. गाडीचा अल्टरनेटर त्यातले निम्म्याहून थोडे जास्त परत देतो, म्हणजे ३७. इन्व्हर्टरमधून बाहेर पडेपर्यंत राहतात ३२. आता या ३२ वॅटांवर १०० वॅटची मोटार फिरवायची आणि वर एसीही चालवायचा! तरी व्हिडिओत बल्ब पेटलेला दिसतो, असं पोरं म्हणाली. त्याचं उत्तर त्या जड चाकात आहे. २० किलोचं, दोन वीत रुंदीचं चाक मिनिटाला १४४० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्यात साडेचार हजार ज्यूल साठलेले असतात. ऐकायला मोठा आकडा, पण त्यावर ७५ वॅटचा छताचा पंखा एक मिनिट फिरेल. व्हिडिओ तेवढ्यात संपतो. त्याहून लांबला तर पाटाखाली बॅटरी शोधा. यात वाइंडिंगची तार जाड घेऊन, जास्त वेढे देऊन काही फरक पडत नाही. तसे पैसे घेणारा कुणी भेटला तर त्याच्या दुकानाची पायरी चढू नका.

नळाच्या टर्बाइनचा हिशेब पाठीमागे गोकाक ठेवून केला की लगेच कळतो. गच्चीवरची ५०० लिटरची टाकी पाच मीटर उंच धरा. ती पूर्ण रिकामी केली तरी त्या पाण्यात ७ वॅट-तासही नसतात, ९ वॅटचा एलईडी बल्ब पाऊण तास जळेल एवढंच. आणि ते पाणी वर चढवायला पंपानं त्याच्या दुप्पट-तिप्पट वीज आधीच खाल्लेली असते. गोकाकचा धबधबा ५२ मीटर उंचीवरून पडतो, पावसाळ्यात त्याला अख्खी घटप्रभा नदी मिळते, म्हणून १८८०च्या दशकात तिथं त्या पाण्याच्या जोरावर सूतगिरणी उभी राहिली. तेच ५०० लिटर तिथून सोडले तरी ७१ वॅट-तास होतात. पाण्याला उंची हवी आणि भरपूर पाणी हवं. आपल्या टाकीला दोन्ही नाहीत.

बाटल्यांचा कूलर २०१६च्या सुमाराला बांगलादेशातून जगभर पसरला. त्याच्या बाजूनं सांगतात की ओठ आवळून हातावर फुंकर मारली की थंड लागते, तसंच बाटलीच्या निमुळत्या तोंडातून वारा थंड होतो. फुंकर थंड लागते ती भोवतालची हवा ओढून आणते म्हणून, आणि अंगावरचा घाम वाळवते म्हणून. ताशी ११ किलोमीटरच्या वाऱ्यात जेवढा जोर असतो, तो सगळा कामी आला तरी हवा एका अंशाच्या दोनशेव्या भागाइतकीच थंड होईल. उलट पाट लावून खिडकी मात्र तीन-चतुर्थांश बंद होते. एप्रिलमध्ये बेळगावचा पारा पस्तिशी ओलांडतो तेव्हा खिडकी बंद करणं हा शुद्ध तोटा आहे.

आणि इथंच भंगाराचा खरा उपयोग लोक सोडून देतात. एक लिटर पाणी वाळताना हवेतली सुमारे पाऊण युनिट उष्णता शोषतं. जुना पत्र्याचा डबा, मोडीतला एक्झॉस्ट पंखा, कूलरचं गवत आणि जुन्या कूलरचा छोटा पंप एवढ्यावर मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत खोली खरोखर निवते. अथणी, रायबाग, सौंदत्तीकडं तर फारच छान. जूननंतर हवाच भिजलेली असते, तेव्हा तो काढून ठेवायचा. खानापूरच्या पावसात कूलरकडून काही मागू नये.

पवनचक्कीबद्दल मला वाईट वाटतं, कारण एका चांगल्या माणसानं माझ्यासमोर त्यात पैसे घालवले. दोन मीटर व्यासाची पाती, सेकंदाला चार मीटर वारा. त्या वाऱ्यातून हाताला लागतात तीसेक वॅट. गाडीच्या अल्टरनेटरला चुंबकत्व यायला फील्डमध्येच (आतल्या चुंबकाच्या वेटोळ्यात) दोन ते चार अँपिअर लागतात, म्हणजे बारा व्होल्टवर २४ ते ४८ वॅट. कमाई तीस, खर्च छत्तीस. शिवाय तो हजाराच्या वर फेरे मागतो आणि अशी पाती त्या वाऱ्यात मिनिटाला दोनशेच्या आसपास फिरतात. करायचीच हौस असेल तर मोडलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातली मोटार घ्या, तिला कायमचा चुंबक असतो, फील्डला वीज लागत नाही. आषाढातल्या वाऱ्यात एक-दोन बल्बांची सोय होईल. एसी चालू असताना एक किलोवॅटच्या घरात खातो, हे मात्र विसरू नका.

जुन्या बॅटऱ्यांचं थोडक्यात. गाडीची बॅटरी इंजिन सुरू करण्यापुरती बनवलेली असते, रोज खोलवर रिकामी केली की काही महिन्यांत बसते. घेण्याआधी हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावा आणि तो किती तास टिकतो ते घड्याळात बघा, विकणाऱ्याचं ऐकू नका. लॅपटॉपचे सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज झाले की पेट घेऊ शकतात, संरक्षणाचं सर्किट नसेल तर घरात आणूच नका. आणि शिसं काढायला बॅटरी अंगणात फोडू नका, पोरं त्याच मातीत खेळतात.

आता ती पिन. बाकी सगळ्यात पैसे जातात, यात माणूस जातो. लाईट गेल्यावर तुम्ही इन्व्हर्टरची पिन भिंतीतल्या प्लगात खोचली आणि मेन स्विच चालू राहिला, तर वीज उलटी तारेवर जाते. खांबावरचा ट्रान्सफॉर्मर एरवी ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो. उलट दिशेनं तोच आपल्या २३० व्होल्टचे हजारो करतो. लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला लाईनमन त्या तारेला हात लावतो. पावसाळ्यात आपल्याकडं झाड पडून तारा तुटल्या की हीच माणसं रात्रीबेरात्री भिजत वर चढतात. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर माझ्याकडं बनवून मागायला येऊ नका, कितीही पैसे दिलेत तरी मी देणार नाही. चेंजओव्हर स्विच बसवा, तो एका वेळी लाईन किंवा इन्व्हर्टर यांपैकी एकालाच घराशी जोडतो. गच्चीवरच्या मंजूर सोलरचा इन्व्हर्टर लाईन गेली की दोन सेकंदांच्या आत स्वतः बंद होतो, तो याच कारणासाठी.

हेस्कॉमला रामराम करण्याचं म्हणाल तर आधी आपलं बिल बघा. २०२३पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटच्या आतल्या पुष्कळ घरांचं बिल शून्य येतं. तिथं वाचवायचं काय? ज्यांचं बिल मोठं आहे त्यांच्यासाठी २०२४पासून पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण ते देशात बनलेल्या नव्या पॅनेललाच. जुनं पॅनेल स्वस्तात मिळालं तर अंगणातल्या दिव्याला आणि गोठ्यातल्या पंख्याला घ्या. उन्हात मल्टिमीटर लावून व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही तपासा, नुसत्या व्होल्टवर फसगत होते.

गीझरचा दावा मात्र खरा होऊ शकतो, फक्त मेसेजमधल्या पद्धतीनं नाही, तर उन्हावर पाणी तापवून. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५वर न्यायला जवळपास ३ युनिट लागतात. दोन चौरस मीटर काळा पत्रा आपल्या हिवाळ्यातल्या उन्हात तेवढी उष्णता आरामात गोळा करतो. पत्र्यावरच्या पाण्याच्या पाइपांऐवजी फ्रिजमागची जाळी वापरू नका. ती बहुधा लोखंडी असते, नळी बारीक असल्यानं पाणी आपोआप फिरत नाही, आणि ती कापताना गॅस हवेत जातो. अर्ध्या इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, मोडलेल्या कपाटाचा पत्रा, दुकानाच्या जुन्या शोकेसची काच हे सगळं आपल्याकडच्या भंगारात मिळतं. पत्र्यामागं थर्माकोल नको, काचेखाली तो वितळतो, तिथं ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) घाला. टाकीभोवती खानापूरकडचं भाताचं तूस दाबून भरा, फक्त पाणी लागू देऊ नका. टाकीचा तळ पत्र्याच्या वरच्या कडेपेक्षा एक फूट तरी उंच ठेवा, नाहीतर रात्री गरम पाणी उलटं खाली उतरून थंड होतं. तोंड दक्षिणेला, कल तीस अंशांच्या आसपास. पाइपांचं वेल्डिंग जमत नसेल तर पत्रा आणि पाइप दुकानात घेऊन या, एका दुपारचं काम आहे.