दुसरा दिवस, दुपार: बसणे

माझं तोंड लहान आहे, हे मला वयाच्या ४९व्या वर्षी परवा कळलं. "फोटोत फेस लहान आलाय सर, फ्रेमच्या ७० ते ८० टक्के लागतो," व्हिसा केंद्रावर टोकन देणारा मुलगा म्हणाला आणि त्याने आत बोट दाखवलं. आत फोटोची सोय होती. बाहेरच्या चौपट दरात. लहान तोंडी मोठा घास घेऊ नये असं आई सांगायची. मी ऐकलं नाही आणि युरोपात, चेक देशाच्या राजधानीला, प्रागला जायचं ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. लग्नाला २५ वर्षं झाली, तीन रात्री, एकच शहर, धावपळ नाही. महिनाभर रोज रात्री वाचत होतो. तिथल्या चार्ल्स ब्रिजचा पायाचा दगड म्हणे ज्योतिषांना विचारून बसवला: सन १३५७, नववा दिवस, सातवा महिना, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं. १-३-५-७-९-७-५-३-१. उलटं वाचा, सुलटं वाचा, तेच. किल्ल्यावरचं सेंट व्हिटस कॅथेड्रल १३४४ ला सुरू झालं आणि १९२९ ला पूर्ण. ५८५ वर्षं काम चालू! मुहूर्त काढणारी आणि बांधकाम रखडवणारी माणसं. मला एकदम सासरी आल्यासारखं वाटलं.

माझा मुहूर्त पावणेदहाचा होता. पावणेबारापर्यंत नंबर आला नव्हता, आणि शेजारच्या खुर्चीवर काका होते.

सत्तरीचे, पांढरा हाफ शर्ट, मांडीवर प्लास्टिकची फाईल. "कुठे?"

"प्राग."

"आणि?"

"आणि काही नाही. प्रागच."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "किती दिवस?"

"तीन रात्री."

"अहो, करणार काय तिथे? आम्ही प्राग साडेतीन तासांत केलं. त्यात जेवण आलं."

हे 'केलं' मला कायम खटकतं. चारधाम केलं हे ठीक, त्यात पुण्य जमा होतं. पण काकांनी स्वित्झर्लंड केलं होतं, इटली दोनदा केली होती (पहिल्यांदा पाऊस होता, म्हणून ती धरत नाहीत) आणि आता 'स्कँडिनेव्हिया तेवढं राहिलंय' म्हणून आले होते. बोलण्याचा सूर असा, की गॅसचं बुकिंग राहिलंय.

"बघू," म्हणून त्यांनी माझा दिनक्रमाचा कागद ओढून घेतला आणि खिशातलं बॉलपेन काढलं. "ते चौकातलं जुनं घड्याळ? तासाला एकदा. दोन खिडक्या उघडतात, बारा पुतळे तोंड दाखवून जातात, एक सांगाडा घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो. एक मिनिट नाही लागत. आम्ही दोनशे माणसं माना वर करून. झाल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, झालं का म्हणून. आमच्या आळीतल्या मंडळाचा हलता देखावा याच्या दुप्पट चालायचा. त्यात अफजलखान पडायचा, पुन्हा उठायचा."

"काका, ते घड्याळ १४१० सालचं आहे."

"असू दे की. दहा मिनिटं." आणि त्यांनी माझ्या पूर्ण सकाळीवर काट मारली. मूळ प्रतीवर. निळ्या शाईने.

पूल: "अर्धा किलोमीटर, त्यावर तीस पुतळे. पुतळ्याला दहा सेकंद धरा." कॅथेड्रल: "बाहेरून." ५८५ वर्षांचं काम बाहेरून! याच किल्ल्याच्या खिडकीतून १६१८ मध्ये दोन सरदार आणि त्यांचा चिटणीस खाली फेकले गेले होते, तिघंही जिवंत राहिले. ते मला का आठवलं ते सांगत नाही. शिवाय त्या केंद्राच्या खिडक्या उघडत नव्हत्या.

मग ते दुसऱ्या दिवसाच्या दुपारी थबकले. तिथे मी लिहिलं होतं: व्लतावा नदीकाठी बसणे.

"हे काय?"

"बसणार आहोत."

"कशासाठी?"

तेवढ्यात माझा नंबर पुकारला. निळ्या रेघांचा कागद देणं शक्य नव्हतं. नवी प्रत काढली, पानाला वीस रुपये. काउंटरवरची मुलगी मराठी होती, हसतमुख होती. कागदावरून तिचं पेन फिरत फिरत नेमकं तिथेच अडलं. "सर, इथे ॲक्टिव्हिटी लिहिलेली नाही."

"आहे की. बसणे."

"बसणं ॲक्टिव्हिटी नाही ना सर."

एकवीस वर्षं मी नोकरीत काय करतोय, असा प्रश्न पडला. मागून काकांचा आवाज आला, "बोट लिहा, बोट! क्रूझ असते तिथे." ती मुलगी खुलली. "हो सर, रिव्हर क्रूझ लिहू?" आणि वर, अर्जाची खबर मोबाईलवर हवी असेल तर वेगळे पैसे.

आता मला खरंच राग येतो तो सांगतो. बँकेचं खातं उघडून दाखवलं, आयकराची कागदपत्रं दिली, रजा मंजूर केल्याचं साहेबांचं पत्र दिलं, माणशी ३०,००० युरोंचा विमा काढला. फी माणशी ९० युरो. व्हिसा नाकारला तरी ती गेली. इतकं करून वर लिहून द्यायचं, की आम्ही परत येऊ. डोंबिवलीत हप्ते चालू असलेला फ्लॅट आणि ८२ वर्षांची आई सोडून मी प्रागमध्ये पुलाखाली लपून बसणार आहे का? त्यांना आपल्याकडे यायचं तर घरबसल्या ई-व्हिसा. या व्हिसाला शेंगेन व्हिसा म्हणतात; शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं एवढंसं गाव. युरोपातल्या देशांनी आपापसातल्या सीमा खुल्या करायचा करार १९८५ मध्ये केला तोसुद्धा तिथल्या नदीत बोटीत बसून. ते बसले तर सीमा उघडतात, मी काठावर बसलो तर ॲक्टिव्हिटी नाही.

लिहिलं. रिव्हर क्रूझ.

बाहेर पडताना काकांनी पाठीवर थाप मारली. "बघा, दुपार कारणी लागली. आणि आता दोन दिवस उरले ना, व्हिएन्ना करून टाका."

घरी बायकोने कागद वाचला. "अय्या, बोट?" कोयनेच्या लाँचमध्ये माझं काय झालं होतं हे तिला माहीत आहे. तरी संध्याकाळपर्यंत तिने ताईंना सांगून टाकलं होतं, ताईंनी सगळ्यांना. काल रात्री पावणेबाराला मोबाईल वाजला. मी दचकून उठलो. 'तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे.' सलग तिसऱ्यांदा, आणि पैसे भरून. झोप मोडलीच होती, म्हणून बोटीची तिकिटं बघत बसलो. भाव कोरुनात होते. तिकडे युरो चालत नाही, कोरुना चालतो, हे एवढं मात्र काकांनी सांगितलं नव्हतं.