वजनदार कोकणवासी होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

आपले वजन आहे तेवढेच राहावे, किंबहुना दरवर्षी किलोभराने वाढावे, अशी ज्यांची इच्छा आहे त्यांनी निश्चिंत असावे, कारण आजचे कोकण हे काम आपल्यासाठी विनातक्रार पार पाडते. पूर्वी मात्र परिस्थिती फार प्रतिकूल होती. बाजाराला जायचे म्हणजे जांभ्याची घाटी उतरायची आणि सामान डोक्यावर घेऊन तीच पुन्हा चढायची, पाणी रहाटाने ओढायचे, भात उखळात सडायचे आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखलात वाकून लावणी करायची. एवढे झाल्यावर एखाद्याने लठ्ठ होण्याचा निश्चय केला असता तरी तो तडीस कसा गेला असता?

म्हणून प्रथम घाटीवर काँक्रीट ओतून थेट खळ्यात गाडी आणावी, आणि शेजाऱ्याकडून विरजण आणायचे असले तरी स्कूटरची किल्ली विसरू नये. पंप आणि मिक्सर घरात असतीलच. (बायकांनी पुन्हा पाटा-वरवंटा धरावा असे सुचवणाऱ्या पुरुषांनी आधी एका वेळचे वाटप स्वतः वाटून दाखवावे, मग बोलावे.) गेलेल्या कष्टांची भरपाई करायचीच असेल, तर संध्याकाळी तासभर पुळणीवर चालावे. त्यात साधारण २५० ते ३०० कॅलरी खर्च होतात आणि किलोभर चरबीत सुमारे ७,७०० असतात, म्हणजे महिनाभर नेमाने चालल्यावर कुठे एक किलो उतरण्याची शक्यता निर्माण होते. परतीच्या वाटेवर रोज एक वडापाव खाल्ल्यास हा धोकाही टळतो.

आहाराच्या बाबतीत उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी यांपासून कटाक्षाने दूर राहावे. त्याऐवजी वाडीवरच्या दुकानात दोरीला टांगलेल्या पुड्या, क्रीमची बिस्किटे आणि रंगीत पेये यांवर श्रद्धा ठेवावी. या श्रद्धेला शास्त्राधार आहे. अमेरिकेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे खाण्याची मुभा दिली होती. दोन्ही प्रकारच्या ताटांत वाढलेली साखर, चरबी, मीठ आणि तंतू यांचे प्रमाण सारखेच ठेवले होते, तरीही कारखान्यातल्या अन्नावर असताना ती माणसे दररोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. मोह आवरा, असे त्यांना कोणी सांगितले नसावे.

रात्री बारापर्यंत मोबाइल पाहण्याचा नेमही सोडू नये, कारण अपुऱ्या झोपेने भूक वाढते. शिवाय घरात लग्न निघाले की महिनाभर सोलकढीवर राहावे: शरीर घाबरून आपला खर्च कमी करते, भूक वाढवते, आणि वरातीनंतर गेलेले वजन अनेकदा सव्याज परत आणते.

एवढे करूनही कोणी चिकाटीने पूर्वीइतकेच खाऊन पूर्वीइतकीच हालचाल करू लागला, तर? घाबरू नये. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील सर्वेक्षणे तपासली, तेव्हा तेवढाच आहार आणि तेवढीच हालचाल सांगणाऱ्या माणसांचा वजन-उंचीचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, १९८८ च्या तुलनेत २००६ मध्ये सुमारे २.३ ने जास्त आढळला. कारण अजून नक्की झालेले नाही. अन्नातील व परिसरातील रसायने, काही औषधे आणि आतड्यांतील बदललेले जीवाणू यांच्यावर संशय आहे. ही माहिती मात्र गावात कोणाला सांगू नये, कारण ‘मुळात आळस’ हे निदान सर्वांना परवडते: दुकानदाराला, रस्त्याच्या ठेकेदाराला आणि विशेषतः गणपतीला मुंबईहून येणाऱ्या काकांना. ते खुर्चीत बसल्या बसल्या, आमच्या वेळी आम्ही शाळेत चालत जात होतो, हे यंदाही सांगतील. आपण मान खाली घालून ऐकावे, आणि काकूंनी पानात वाढलेला तुपाने ओथंबलेला चौथा मोदक नाकारून घरच्यांचा अपमान करू नये.