दहा किलोमीटर पळायला तीनशे वीस किलोमीटर

शनिवारी रात्री साडेदहाला, भांडी आवरून ओटा पुसून मी नुकती टेकले होते, तेवढ्यात नवरा मोबाईल नाचवत आला. "उद्या दिवेआगरला जायचं का? पळायला."

मला आधी वाटलं पळून जायला. या वयात, आणि तेही सासूसासऱ्यांना घेऊन.

पण त्याला खरोखरचं पळायचं होतं. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात ठेवला तेव्हापासून हा माणूस वेताळ टेकडीवर पळतोय आणि घरी येऊन किलोमीटरला किती मिनिटं लागली ते सांगतोय, मी कुकरच्या शिट्ट्या मोजत असते तेव्हाच नेमकं. आता त्याने कुठलंतरी रील बघितलं होतं, समुद्र, सूर्योदय, ओल्या वाळूवर एक सडसडीत माणूस पळतोय. त्या माणसाबरोबर सासरे, सासू आणि गाडी लागणारी अकरा वर्षांची मुलगी नव्हती हा मुद्दा मी मांडला, पण तो बहुमतात टिकला नाही.

बाबा लगेच तयार. १९८३ साली पुण्यात पहिली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन झाली तेव्हा त्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, तेव्हापासून पळणे या विषयावर घरात त्यांचा शब्द शेवटचा असतो. आई फक्त एवढंच म्हणाल्या, "उद्या शाकंभरी पौर्णिमा आहे हं." आम्ही म्हटलं बरं.

ठरलं असं की पहाटे पाचला निघायचं, नऊला पोचायचं, दहा किलोमीटर पळायचं. निघालो पावणेआठला. कारण पोह्यांचा डबा, कारण गिझर, कारण बाबांची टोपी, कारण गॅस बंद केला का हे बघायला दोनदा वर जावं लागलं (बंद होता, दोन्ही वेळा). त्यात चांदणी चौक. तिथला जुना पूल २०२२ मध्ये पाडला आणि आता इतके रॅम्प झालेत की नवरा एकदा चुकून मुंबईच्या दिशेला लागला, तिथून फिरून परत आला, आणि बाबा म्हणाले, वॉर्मअप झाला.

मुळशीचं पाणी दिसायला लागलं तशा आई परत म्हणाल्या, "पौर्णिमा आहे म्हणून म्हटलं." नवरा म्हणाला, "अगं आई, सत्यनारायण पुढच्या महिन्यात घालू ना."

ताम्हिणी घाटात लेकीला उलटी झाली, ती पोह्यांच्या रिकाम्या डब्यात, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. माणगावला चहा झाला, मग म्हसळा, मग बोर्ली पंचतन, आणि सव्वाबाराला एकदाचे किनाऱ्यावर पोचलो. नवऱ्याने गाडीतच बुटांच्या नाड्या दुहेरी बांधल्या, घड्याळ चालू केलं, सुरूच्या झाडांमधून ऐटीत पुढे गेला आणि थांबला.

किनारा नव्हता.

म्हणजे समुद्र भरपूर होता. पार सुरूच्या झाडांजवळ आला होता, शहाळेवाला आपल्या खुर्च्या उचलून मागे नेत होता. रीलमधली ती ओली, घट्ट, पाय न रुतणारी वाळू सगळी पाण्याखाली, आणि उरली होती ती कोरडी, भुसभुशीत, भर दुपारी तापलेली पट्टी.

आई शांतपणे गाडीतून उतरल्या. आईंचं माहेर श्रीवर्धन, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर, हे आम्हाला माहीत होतं पण उपयोगात आणायचं सुचलं नव्हतं. त्या बोटांवर मोजत म्हणाल्या, "तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्याच्या पुढेमागे भरती, त्यात पौर्णिमेचं उधाण. आता सहा तासांनी ओहोटी."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"दोनदा सांगितलं."

तरी नवरा पळाला. घोट्यापर्यंत पाय रुतत होते, दर पावलाला बुटात मूठभर वाळू जात होती, आणि लांबून बघताना तो पळतोय का काहीतरी हरवलेलं शोधतोय हे कळत नव्हतं. एका घोडागाडीवाल्याने शेजारी गाडी आणून अगदी काळजीने विचारलं, "काका, सोडू का पुढे?" सहाशे मीटरवर काका परत आले.

मग जेवण. उकडीचे मोदक, गरमागरम, वर तुपाची धार. नवऱ्याने पाच खाल्ले आणि त्याला कार्ब लोडिंग म्हणाला. नंतर सुवर्णगणेशाचं दर्शन. तिथे बाबांनी सोन्याचा मुखवटा १९९७ ला कसा सापडला आणि २०१२ ला दरोडेखोरांनी कसा नेला हे अशा तपशिलात सांगितलं की शेजारची दोन कुटुंबं संशयाने बघायला लागली. मग सगळे खाणावळीच्या ओसरीवर आडवे.

साडेपाचला आईंनीच उठवलं. "चला, पळायचंय ना?"

आणि काय सांगू, समुद्र कुठच्याकुठे मागे गेला होता. नुसती लांबरुंद ओली वाळू, आरशासारखी, त्यात ढग दिसतायत. बारीक खेकड्यांनी मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या करून भोवती रांगोळ्या घातल्या होत्या, आपण जवळ गेलो की सगळे एकदम बिळात. लेक त्यांच्या मागे पळत होती, बाबा तिच्या मागे, आणि मीसुद्धा चपला हातात घेऊन पळाले, किती ते माहीत नाही, पण बरगडीत कळ येईपर्यंत. आई साडी जरा वर खोचून पाण्याच्या कडेने शिंपले वेचत चालल्या होत्या. समोर सूर्य बुडत होता आणि मागे सुरूच्या वर पौर्णिमेचा चंद्र. नवरा लांब ठिपक्याएवढा झाला होता. तेवढ्यात बाबांना घाटातल्या अंधाराची आठवण झाली, त्यांनी गाडीत जाऊन हॉर्न दाबला आणि तो ठिपका परत येईपर्यंत सोडला नाही.

घड्याळात सहा पॉइंट आठ किलोमीटर. नवरा घाटभर गप्प. मला वाटलं दमलाय.

रात्री अकराला सोसायटीत शिरलो. सगळे लिफ्टकडे, हा पार्किंगमध्येच उभा. "तीन पॉइंट दोन राहिलेत. एक फेरी एकशेसाठ मीटरची होते, म्हणजे वीस फेऱ्या." आणि निघालासुद्धा, बुटातून वाळू सांडत.

वॉचमन काका खुर्चीतून उठून माझ्याजवळ आले. "ताई, साहेब का पळतायत? काही झालंय का?"

"नाही हो, दिवेआगरला गेलो होतो."

"कशाला?"

मी पोह्यांचा तो डबा घेऊन लिफ्टमध्ये शिरले.